कुलपाआडची साखर

“आदी तुमी घ्या.”

मावशींना कुणीही चहा दिला की हे ठरलेलं होतं. कप हातात घ्यायच्या, बशीत थोडा ओतायच्या आणि ती बशी देणाऱ्याच्याच पुढे सरकवायच्या. त्याचा घोट खाली उतरेपर्यंत त्याच्या गळ्याकडे बघत राहायच्या. मग स्वतः प्यायच्या. यात अपमान करायचा हेतू नसे. आपण दाराची कडी लागली का हे हात लावून बघतो, तसं त्या माणसांना हात लावून बघत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. भाजीवाल्याने दिलेली मेथीची जुडी सोडून आतून बघणारी, पत्ता विचारला तर आधी “कशाला हवाय?” म्हणणारी. पण मावशींचा संशय हा त्यांच्या पोटापाण्याचा भाग होता. खंडाळ्याला घाटाच्या कडेवर एका मुंबईकर कुटुंबाचा बंगला होता. मावशींचे यजमान तिथले खानसामा. ते वारले आणि बंगल्याच्या किल्ल्या मावशींच्या कमरेला आल्या. मालक उन्हाळ्यात आणि दिवाळीत येत, बाकीचं वर्ष बंगला मावशींचा. बाहेर पडताना त्या दाराच्या फटीत वाळकं पान खोचून जात, परतल्यावर पान जागेवर दिसलं तरच कुलूप काढत. दूधवाल्याचं दूध नखावर थेंब टाकून बघत. पोस्टमनने कार्ड दिलं की म्हणत, “वाचलंस न्हवं? मंग सांग काय लिवलंय.” तो बिचारा न वाचताच अडकायचा.

मी तेव्हा लोणावळ्यात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नर्स होते. साठच्या दशकातली गोष्ट. मागच्या बाजूला पेशंट ठेवायच्या दोन-तीन खोल्या, पुढे तपासणीची खोली, आणि मधल्या बोळात माझं टेबल. त्यावर स्पिरिटचा दिवा आणि काचेच्या नळ्यांचं स्टँड.

मावशी पहिल्यांदा आल्या त्या पायाची जखम घेऊन. चपलेचा अंगठा लागून झालेली लहानशी जखम बरी होतच नव्हती. मुलगा दस्तगीर त्यांना घेऊन आला होता. तो खंडाळ्याच्या एका हॉटेलची गाडी चालवायचा.

डॉक्टरांनी विचारलं, “तहान फार लागते का?”

“तहान कुनाला लागत न्हाई?”

“रात्री लघवीला उठावं लागतं?”

मावशींनी मान वळवून मुलाकडे रोखून पाहिलं. “ह्यास्नी कुनी सांगितलं?”

“मी नाही गं आई,” दस्तगीर म्हणाला.

लघवीची तपासणी तेव्हा आम्ही दवाखान्यातच करायचो. नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळायचं. साखर नसेल तर निळा रंग तसाच राहतो. थोडी असेल तर हिरवा, वाढली की पिवळा, आणि खूप असेल तर विटेसारखा लाल. मावशींची नळी बघता बघता विटकरी झाली.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. साखर, गूळ, भात बंद केला. सकाळी उठल्या उठल्या पहिली लघवी बाटलीत आणायची, असं सांगितलं.

मावशी पुन्हा आल्या, नळी लाल. आणखी आल्या, पुन्हा लाल. रात्री अर्धी ज्वारीची भाकरी आणि भाजी खाऊन झोपलेल्या बाईची सकाळची लघवी इतकी लाल कशी, हे कोडंच होतं. अशा वेळी दवाखान्यात पहिला संशय पेशंटवर जातो.

“मावशी, तुम्ही गुपचूप काहीतरी गोड खाता,” डॉक्टर म्हणाले.

मावशी चिडल्या नाहीत. त्यांनी विचार केला आणि शांतपणे म्हणाल्या, “मी खात न्हाई. म्हंजे मला कोन तरी चारतंय.”

त्या दिवशी संशयाला घर मिळालं.

घरात तिसरं माणूस एकच, सून जुबेदा. नवीन लग्न झालेलं. अंगाने किरकोळ, कामाला चपळ, बोलायला कमी. तिचं माहेर लोणावळ्याच्या बाजारातलं. वडील एका चिक्कीच्या दुकानात भट्टीवर गूळ आटवायचे. मावशींना तेवढं पुरलं.

पायाची पट्टी बदलायला मी बंगल्यामागच्या त्यांच्या खोल्यांत जायची. एकदा गेले तर जुबेदा बाह्या कोपरापर्यंत सारून भाकरी थापत होती आणि मावशी पाटावर समोर बसून तिच्या हातांवर नजर ठेवून होत्या. भाकरी तव्यावर पडली तशा म्हणाल्या, “हात बगू.”

जुबेदाने दोन्ही हात पुढे केले. मावशींनी ते नाकाशी नेले.

“गुळाचा वास येतोय.”

“पिठाचा आहे, अम्मी.”

“चिक्कीवाल्याची पोर तू. पीठ कंचं नि गूळ कंचा, तुला काय कळनार?”

जुबेदाने हात मागे घेतले आणि भाकरी उलटली. तिचे डोळे भरलेले मला दिसले, मावशींना दिसले नसावेत. त्या पीठ चाखत होत्या.

पुढच्या आठवड्यात जुबेदा माहेरी गेली. गेली म्हणजे मावशींनी घालवली. कपड्यांची पेटी दस्तगीरनेच पोचवली. तो दवाखान्यात येऊन माझ्या टेबलाशी उभा राहिला. “सिस्टर, तिला परत आणली तर आई जेवणार नाही. नाही आणली तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही. कल्याणला एका गॅरेजमध्ये काम मिळतंय. मी जातो निघून. दोघींकडे बघायलाच नको.”

“आणि आईला इथं कोण बघणार?”

त्याने गाडीची किल्ली खिशात टाकली आणि तो बाहेर पडला.

आता मावशी स्वतः रांधायच्या. पीठ स्वतः दळायच्या, पाणी स्वतः भरायच्या. घरात दुसऱ्या कुणाचा हात कशाला लागत नव्हता. नळी तरीही लाल. वजन उतरत चाललं, गालांची हाडं वर आली. मग त्यांचा संशय गोळ्यांकडे वळला. “गोळी पांढरी हाय. तुमीच त्यात साखर घालत असाल,” असं त्या मला म्हणाल्या, तेही मवाळपणे, जणू मी कबूल केलं तर त्या माफ करायला तयार होत्या.

डॉक्टरांनी त्यांना समोर बसवलं.

“मावशी, साखर बाहेरूनच यायला पाहिजे असं नाही. यकृत माहीत आहे का? कलेजी?”

“खानसाम्याची बायकू हाय मी. कलेजी म्हाईत न्हाई व्हय?”

“ती कलेजी साखर साठवते. आणि वेळ पडली तर नवीन बनवते. रात्री तुम्ही काही खात नाही, तेव्हा तीच रक्तात साखर सोडते. माझीसुद्धा सोडते. फक्त माझ्या शरीरात इन्सुलिन नावाचा एक रस आहे, तो तिला वेळेवर सांगतो की पुरे, आता थांब. तुमच्यात ते सांगणं कमी पडतंय. म्हणून ती थांबतच नाही.”

“माझी कलेजी, मला न इचारता, साखर करती?”

“हो.”

“हे तुमी डोळ्यानं बगितलंय?”

डॉक्टर प्रामाणिक माणूस. “तुमच्यात नाही बघितलं.”

“मंग दावा.”

कसं दाखवायचं हेही त्यांनीच ठरवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या आल्या त्या बंगल्याच्या दाराचं भलंमोठं पितळी कुलूप घेऊन, आणि फडक्याने तोंड बांधलेली स्वतःच्या घरच्या पाण्याची कळशी घेऊन. घरून जेवून आल्या होत्या. मागची एक खोली त्यांनी झाडून घेतली, खाट उलटी करून बघितली, कोनाडे चाचपले. मग आतून कुलूप घातलं आणि किल्ली पदराच्या गाठीत बांधली. “आता कोन चारतंय ते बगू,” असं दाराआडून ऐकू आलं.

सकाळी त्यांनीच कुलूप काढलं. बाटली घरून धुऊन आणलेली होती. ती माझ्या हातात न देता त्या टेबलाशी आल्या. नळी त्यांनीच विसळली, चिमटा त्यांनीच धरला. मी फक्त औषध ओतलं. दिव्याच्या ज्योतीवर नळी धरून त्या उभ्या राहिल्या. आधी बुडबुडे आले, मग हिरवी छटा, मग पिवळी, आणि मग खाली विटेचा चुरा बसावा तसा लाल गाळ.

मावशींनी नळी स्टँडमध्ये ठेवली. म्हणाल्या, “तुमच्या औषदालाच लाल व्हायची सवय असंल. आता तुमचं करा.”

“माझं?”

“व्हय. आनि डॉक्टरांचं बी.”

मला लाज वाटली, पण गेले आणि बाटली घेऊन आले. डॉक्टरही हसत हसत गेले. दोन्ही नळ्या मावशींनीच उकळल्या, पुन्हा पुन्हा उकळल्या. दोन्ही निळ्याच राहिल्या. स्टँडमध्ये तिन्ही शेजारी शेजारी लावून त्या स्टुलावर बसल्या.

“कुलूप माझं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “पानी माझं, किल्ली माझ्यापाशी.” मग उजव्या बरगडीखाली हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिल्या. इतकी वर्षं एका छपराखाली राहिलेल्या कुणाची तरी त्यांनी कधी चौकशीच केली नव्हती, असा चेहरा झाला होता. “कलेजी परतताना गोडसर वास सुटतो. मी आपली समजत हुते, कांद्याचा.”

थोड्या वेळाने उठल्या. मला वाटलं घरी निघाल्या. तर म्हणाल्या, “तुमी चला माझ्यासंगं बाजारात. तुमच्या म्होरं बोलते. म्हंजे मागनं कुनी म्हनायला नको की मी असं बोललेच न्हाई.”

चिक्कीच्या दुकानामागच्या पडवीत भट्टी होती. जुबेदाचे वडील लांब दांड्याच्या उलथन्याने कढईतला गूळ ढवळत होते. त्या गोड धुरात मावशी पदर नाकाला न लावता उभ्या राहिल्या, हे मी लक्षात ठेवलं आहे. जुबेदा शेंगदाणे पाखडत होती. सासूला बघून ती उठली, पण पुढे आली नाही.

“साखर माझ्या आतनंच येती,” मावशी म्हणाल्या. “डॉक्टरांनी दावलं. तू न्हाई घातलीस.”

“मी तेच सांगत होते.”

“व्हय. सांगत हुतीस.”

वडिलांनी उलथनं थांबवलं. गूळ खाली लागायला लागला तसं पुन्हा ढवळायला घेतलं.

“चल घरी,” मावशी म्हणाल्या.

जुबेदा हलली नाही. “आणि उद्या पुन्हा काही निघालं, तर?”

हा प्रश्न मावशींना नवीन होता. संशय घेणाऱ्याला सहसा असं कुणी विचारत नाही. त्यांनी जमिनीकडे पाहत उत्तर दिलं, “मंग आदी माझं तपासायचं. तुझं मागनं.”

“तपासणी मी करणार. रोज सकाळी. रंग काय आला ते मी सांगणार.”

मावशींनी माझ्याकडे बघितलं.

“मी शेजारी बसन,” त्या म्हणाल्या.

“बसा.”

जुबेदा त्याच दिवशी परतली, वाटेत दवाखान्यातून नळी, निळं औषध आणि दिवा घेऊन. कल्याणच्या गॅरेजचं नाव पुन्हा निघालं नाही.

गोळ्यांनी भागत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू करायचं ठरवलं. इथे दुसरीच अडचण आली. त्या काळी इन्सुलिन जनावरांच्या स्वादुपिंडातून काढत, गाईच्या नाहीतर डुकराच्या. मावशींना हे कुणीतरी सांगितलं. डुकराचं असेल तर त्या हात लावणार नव्हत्या, जीव गेला तरी. बाटलीवर इंग्रजीत लिहिलेलं होतं. मी वाचून दाखवलं, गाईचं आहे. मावशींनी मान हलवली आणि बाटली रुमालात बांधून स्टेशनवर नेली. तिथल्या पार्सल क्लार्कनेही गाईचंच सांगितलं. मग दस्तगीरच्या हॉटेलात उतरलेल्या एका पाहुण्याला दाखवली. तो म्हणाला, अक्षर फार बारीक आहे, चष्मा खोलीत राहिला, काय लिहिलंय ते माहीत नाही.

“त्योच येक भरवशाचा मानूस,” मावशी मला म्हणाल्या. “ठावं न्हाई तर ठावं न्हाई म्हनला.” तो चष्मा घेऊन येईपर्यंत त्या हॉटेलच्या पायरीवर बसून राहिल्या. त्याने गाईचं म्हटल्यावरच पहिली सुई घेतली.

बाटली थंड जागी ठेवायची होती. बंगल्यात मालकांचा फ्रीज होता. मालकांना विचारून मावशींनी ती तिथे ठेवली, आणि कुणी बदलू नये म्हणून बुचाभोवती काळा दोरा गुंडाळून आपल्या पद्धतीची गाठ मारली. सुई उकळायची, भरायची, टोचायची, हे सगळं मी जुबेदाला शिकवलं. ती लवकर शिकली.

पण पहिले काही दिवस नळीचा रंग फारसा बदलला नाही. मावशी पुन्हा डॉक्टरांसमोर.

“तुमी म्हनला, ह्ये कलेजीला थांब म्हनतं. मंग ती थांबत का न्हाई?”

डॉक्टरांना परदेशी मासिकं वाचायचा नाद होता. त्यांनी मावशींना जे सांगितलं ते मीही तेव्हा पहिल्यांदाच ऐकत होते. इन्सुलिनचे काही हुकूम कलेजी लगेच ऐकते, काहींना वेळ लागतो. कलेजीच्या कणाकणात सूचना साठवलेल्या असतात, आईबापांकडून आलेल्या. साखर कशी करायची याच्या वेगळ्या, ती कशी साठवायची याच्या वेगळ्या. इन्सुलिन पोचलं की करायच्या सूचना मिटतात आणि साठवायच्या उघडतात. पण सूचना मिटली तरी तिच्यावरून आधीच तयार झालेला कामगार लगेच निघून जात नाही, थकून संपेपर्यंत काम करत राहतो. ते म्हणाले, तुमच्या कलेजीत असे कामगार फार दिवसांपासून जमलेत, तेव्हा थोडा धीर धरा, डोस मी बघून वाढवतो.

निवृत्तीनंतर मी या विषयावर जमेल ते वाचलं. त्या सूचनांना जनुकं म्हणतात आणि कामगारांना विकरं. इन्सुलिनचा निरोप पेशीच्या पृष्ठभागावरून आत केंद्रकापर्यंत जातो आणि कोणती जनुकं वाचली जावीत हे ठरवतो. डॉक्टरांनी दवाखान्यातल्या भाषेत सांगितलेलं फारसं चुकलेलं नव्हतं.

पण मावशींना एकच गोष्ट कळत नव्हती. “पर ती मुळात करती कशाला येवढी साखर? मी काय वाकडं केलंय तिचं?”

“तिला वाटतं, तुम्ही उपाशी आहात,” डॉक्टर म्हणाले. “माणूस उपाशी असला की इन्सुलिन कमी होतं. त्यावरून ती ओळखते. तुमच्यात ते कायमच कमी. म्हणून तिला वाटत राहतं की या बाईने कित्येक दिवसांत काही खाल्लेलंच नाही.”

मावशींनी बरगडीखालची जागा पुन्हा चाचपली. “म्हंजे मला मारायला न्हाई करत?”

“नाही. जगवायला.”

“माझी आय अशीच हुती,” त्या म्हणाल्या. “पोट भरलं म्हनलं तरी तिला पटायचं न्हाई.” आणि उठून गेल्या.

रंग हळूहळू उतरला. विटकरीचा पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा. जखम भरली. मावशींच्या अंगावर थोडं मांस आलं. संशयी त्या होत्या तशाच राहिल्या. दूधवाल्याची सुटका झाली नाही, पोस्टमनचीही नाही. जुबेदाच्या हातांचा वास मात्र त्यांनी पुन्हा घेतला नाही.

पुढे माझं लग्न झालं, मी पुण्याला गेले. वर्षं गेली. मधुमेहाने मावशींचे डोळे नेले. मी शेवटचं भेटायला गेले तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरत आलं होतं. बंगल्याच्या किल्ल्या दस्तगीरकडे आल्या होत्या. मावशी अंगणात उन्हाला खाटेवर बसलेल्या. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं, पण आधी माझ्या नवऱ्याचं गाव विचारून खात्री करून घेतली.

आम्ही बोलत असताना जुबेदा आतून नळी घेऊन आली. सकाळची तपासणी आज पाहुण्यांमुळे उशिरा झाली होती. मी बघितलं, रंग चांगला नव्हता.

“काय आला?” मावशींनी विचारलं.

“विटकरी, अम्मी.”

आता त्या मला विचारतील म्हणून मी तयार होते. दवाखान्यातली नर्स समोर बसलेली, तिचे डोळे चांगले. मावशींनी माझ्या दिशेला मान वळवलीसुद्धा.

“पुन्यात पानी कसं हाय हो?” त्यांनी विचारलं. आणि बोलता बोलता बाही वर सारून दंड जुबेदाच्या बाजूला पुढे केला.

त्या हिवाळ्यात त्या गेल्याचं मला पत्राने कळलं. पण मला त्या अजून तशाच दिसतात. उन्हात बसलेल्या, माझ्याशी पुण्याच्या पाण्याबद्दल बोलणाऱ्या, आणि सुई भरली जात असताना तिकडे लक्षही न देणाऱ्या.